फिनाईल आणि गोबर गॅसची टाकी

आमच्या गावात गोबर गॅस पहिल्यांदा मी बांधला असं मी पाहुण्यांना सांगतो, ते खरं नाही. पहिला थोरल्या भावानं बांधला. वाटणीत तळ्याखालची, हमखास पाण्याची धानाची बांधी त्याला गेली आणि उतारावरची कोरडी मला आली, ते मी विसरलेलो नाही. म्हणून त्याच्यापेक्षा मोठी टाकी बांधली आणि आता माझ्या घरात सिलिंडर येणार नाही, असं चारचौघांत सांगून टाकलं. गोठा धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून चर थेट टाकीत सोडला. ती अक्कल माझी.

गेल्या पावसाळ्यात गोठ्यात माश्या फार झाल्या. शहापूरच्या दुकानात घासाघीस करून एका कॅनच्या भावात फिनाईलचे दोन कॅन आणले. आठवडाभर गोठा असा धुतला, की म्हशी शिंकायला लागल्या. मग शेगडी विझली.

मी पाइप उघडला, व्हॉल्व्ह बदलला, टाकी बांधणाऱ्या मिस्त्रीला फोनवर नाही नाही ते बोललो. बायको चुलीपाशी डोळे पुसत होती. म्हणाली, "मिस्त्रीले कायले बोलता जी? गोठ्याचं पानी कुठं जाते, ते पाहा ना."

शेणाचा गॅस करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांना मी आठवडाभर विष पाजलं होतं. टाकी उपसून नवे वाढवायचे, तर दुधाला विरजण लागतं तशी चालू टाकीतली शेणकाल्याची स्लरी हवी. आणि चालू टाकी गावात एकच होती.

तीन वर्षांनी भावाच्या अंगणात पाय ठेवला. बैलगाडीत रिकामे ड्रम होते. नमस्कार न करताच म्हणालो, भाव बोल.

"किड्यायचा भाव कायले करून राहिला बे?" तो म्हणाला. "तुही वहिनी रोज म्हणते, त्याच्या घरून धूर निघून राहिला. भर ड्रम."

ड्रम भरले.

तीनेक आठवड्यांनी निळी ज्योत आली. बांधीचं भांडण मी सोडलेलं नाही, तेही सांगून ठेवतो. पण पहिला चहा बायकोनं तिकडे पाठवला, तेव्हा मी अडवलं नाही. गोठा आता नुसत्या पाण्यानं धुतो. दुसरा कॅन सीलबंद होता. तो दुकानदाराला परत केला, पूर्ण भावात.