एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून

माझी पीएचडी बाबांच्या पीटीने वाचवली, आणि हे मी कधी चारचौघांत कबूल केलं नाही. बाबा बोर्डीच्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते. स्टाफरूममध्ये त्यांना कुणी खिजगणतीत धरत नसे. विज्ञानाचे सर तर तोंडावर म्हणायचे, "तुम्ही शिट्टी सांभाळा." मला चीड यायची. पण खरं सांगते, वडील काय करतात असं कॉलेजात कुणी विचारलं, की मीही नुसतं "शिक्षक" म्हणून मोकळी व्हायचे.

माझं काम मुंबईच्या प्रयोगशाळेत. चिकूएवढ्या काचेच्या कुपीत रुबिडियमची वाफ. तिचा एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबक. लेझरने सगळ्यांची तोंडं एका दिशेला करायची आणि तशीच टिकवायची. पण अणू एकमेकांवर आपटतात, आणि चुंबकीय क्षेत्र सतत चालू असलं की त्या टकरींत शिस्त पार मोडते. म्हणून क्षेत्र सतत द्यायचंच नाही. अधूनमधून जोरदार झटका द्यायचा. एका झटक्यात प्रत्येक अणूने पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा जागेवर यायचं. कागदावर झकास. माझे अणू मात्र दर झटक्याला केसभर कमी फिरत, आणि शंभरेक झटक्यांनंतर सगळा विचका. नाताळपर्यंत जमलं नाही तर विषय बदल, असं गाईडनी बजावलं होतं. म्हणजे चार वर्षं पाण्यात.

२०१६च्या दिवाळीत घरी आले ती तोंड पाडूनच. बाबा ओटीवर चिकू निवडत बसले होते. काय झालं म्हणून विचारलं तर मी खेकसले, "तुम्हाला नाही कळायचं." तरी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा वैतागून सगळं सांगितलं.

"अगं, पोरं पण पुरती फिरत नाहीत," ते म्हणाले. "दर गिरकीला थोडं राहतंच. दहा वेळा उजवीकडून फिरवली की अर्धी रांग कुंपणाकडे बघतेय. म्हणून मी एकदा उजवीकडून फिरवायचो, लगेच एकदा डावीकडून. राहिलेलं फिटून जातं."

मी सुट्टी अर्धी टाकून परत गेले आणि एक झटका सुलटा, एक उलटा असा क्रम लावला. अणू जागेवर राहिले. मी टेबलाशी बसून चक्क रडले.

पदवी मिळाल्यावर बाबांच्याच शाळेने माझा सत्कार ठेवला. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. माझं भाषण संपल्यावर ते विज्ञानाचे सर माईक घेऊन म्हणाले, "उलटसुलट झटक्यांचं हे तुला सुचलं कसं, ते सांग बघू पोरांना."

नुसतं बोट दाखवायचं होतं समोर. आणि मी म्हणाले, "लॅबमध्ये काम करता करता सुचलं." टाळ्या वाजवायला पहिले बाबाच उठले.

घरी येताना रिक्षात मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तुमचं नाव घ्यायला हवं होतं."

"छे गं," ते म्हणाले. "माझं नाव घेतलं असतंस, तर तुझं सगळं संशोधन हसण्यावारी नेलं असतं त्यांनी."