ढोरांच्या डॉक्टरची बिनछपराची गाडी

गॅरेजवाल्याच्या हाताचं ऑईल अन् कानातले किस्से, दोन्ही धुवून जात न्हाईत. हिंगोलीत तीस वर्षं पाने फिरवून राहिलो. पण दोन हजार सालानंतर आमच्या ढोरांच्या डॉक्टरनं घेतलेल्या त्या लाल गाडीएवढे किस्से शंभर जीपांनी दिले न्हाईत!

*

गाडी जुनी, औरंगाबादची. सीटा दोनच, वर कापडी टप, तोही मागं गुंडाळलेला. मी खाली आडवा होऊन सगळं बराबर तपासलं.

"इंजिन झकास हाय. पण डॉक्टर, खेड्यात फिरणारे तुमी, ही काहून?"

"माझ्या बापानं आमच्या हट्टा गावच्या रस्त्यावर उभी जिंदगी गुत्तेदारांच्या हाताखाली खडी फोडली. त्याच रस्त्यानं त्याला हिच्यात बसवून न्यायचंय. गावाला तो दिसला पाहिजे. बंद गाडीत कोण दिसतं?"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू! सौदा तिथंच करून टाकला.

*

पण बाप, म्हणजे किसनबाबा, गाडी बघून भडकलेच!

"डोक्यावर छप्पर यावं म्हणून तुला शिकवला, अन् तू बिनछपराची गाडी आणली? मी बसत न्हाई!"

सूनबाई म्हणाल्या, "मामा, मी तरी कुठं बसले? घरात माणसं सहा अन् सीटा दोन!"

*

एकदा डॉक्टर तपासत असताना म्हशीनं गाडीच्या दाराला शिंग मारलं, तडा गेला. माझ्याकडचे शब्बीरभाई डेंटिंगचे वस्ताद. सवयीनं हातोडा उचलला अन् एकच ठोका दिला. आरपार भोक! बॉडी फायबरची होती, हे सांगायचं मीच विसरलो होतो.

शब्बीरभाई भोकातून माझ्याकडं बघून म्हणाले, "उस्ताद, इसका पत्रा किधर गया?"

शेवटी फायबरचे कूलर दुरुस्त करणाऱ्याकडून जोड मारून घेतला.

*

जवळा बाजार गावात आठवडी बाजार. डॉक्टर चहा पिऊन येतात तर गाडीच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं!

"चल लेकरा, औंढ्याला सोड."

सोडलं बिचाऱ्यांनी. उतरताना म्हातारी म्हणाली, "टेम्पो बारका हाय, पण पळतो चांगला!"

मी पोट धरून हसलो. डॉक्टर काही हसले न्हाईत. "बाजारची म्हातारी बसली, अन् माझा बाप बसंना," म्हणाले.

*

वर्षभर वाट बघून डॉक्टरनं गाडी विकायला काढली. बाप बसत न्हाई तर ठेवून काय करू, म्हणे. गिऱ्हाईक आलं परभणीचं. पांढरी सफारी, बोटांत चार अंगठ्या.

गॅरेजात बसलेल्या किसनबाबांनी मला विचारलं, "कोण हाय हा?"

"गुत्तेदार हाय बाबा. रस्त्याची कामं घेतो."

बाबा उठले, धोतर सावरलं अन् थेट गाडीत जाऊन बसले!

गुत्तेदार म्हणाला, "बाबा, उतरा. मला चालवून बघायची हाय."

"मग बघ की! रस्ता मी सांगतो."

गेले ते तीन तास गायब. डॉक्टरच्या जिवाला घोर! परत आले तेव्हा गुत्तेदार लालबुंद झालेला. किल्ली माझ्यापुढं आदळली.

"न्हाई पाहिजे तुमची गाडी!"

"काहून? काही तकलीफ दिली का?"

"गाडीनं न्हाई हो, ह्या बाबांनी! हट्ट्यापर्यंत नेलं मला. दिसंल त्याला हात करून सांगून राहिले, गाडी माझ्या पोराची, अन् हा गुत्तेदार आपला डायवर!"

बाबा अजून सीटवरच होते.

"उद्या आठला ये," ते गुत्तेदाराला म्हणाले, "उशीर झाला तर खाडा मांडीन!"