आधी आमेन

रूथबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. वडनेरहून पिपरीला, माझ्या आताच्या घरी, आलेले जुने शेजारी दारातूनच म्हणाले, "काकू, तुमच्या जाऊबाई गेल्या." मी सूप खाली ठेवलं. रडू आलं नाही. दुखण्याने नुसती हाडं उरली होती, सुटल्या असंच वाटलं. माणूस मेलं की लोक त्याचे गुण गातात. मला ते जमत नाही. मी चौथी शिकलेली बाई, जे पाहिलं ते लिहिते.

वडनेरात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. मी लग्न होऊन आले तेव्हा घरप्रार्थना रूथबाईच चालवायच्या. काय आवाज होता! पाळकसाहेब म्हणायचे, "यांची प्रार्थना धुपासारखी सरळ वर जाते. देवाला हा सुवास आवडतो." रूथबाईंना ऐकून बरं वाटायचं. कुणाला नाही वाटणार? पण मग प्रार्थना लांबत गेली. चुलीवर वरण करपलं तरी आमेन होईना, आणि आमेन झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही ही आमच्याकडची रीत.

त्यांची सुलू तापाने फणफणली, ती ऐंशी सालाच्या आधीची गोष्ट. घसा सुजला, श्वास घरघरू लागला. वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. एक एसटी सकाळी, दुसरी थेट संध्याकाळी. निघण्याआधी प्रार्थना करू म्हणून सगळे गुडघ्यांवर बसले. रूथबाई बोलू लागल्या. इतकी सुंदर प्रार्थना मी पुन्हा ऐकली नाही... बायका हुंदके देत होत्या. तेवढ्यात एसटीचा भोंगा वाजला. सगळ्यांनी ऐकला, उठलं कुणीच नाही. आमेन झालं तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती. संध्याकाळच्या गाडीपर्यंत सुलू राहिली नाही.

"देवाची इच्छा," पाळकसाहेब म्हणाले.

"भोंगा मी ऐकलता साहेब," रूथबाई म्हणाल्या. "डोये उघडले नाई. देवाले आवडून राह्यलं, असं वाटलं मले."

त्यानंतर त्यांनी सभेत तोंड उघडलं नाही. मुठीचं धान्य मात्र सोडलं नाही. आमच्यात स्वयंपाकाआधी देवाची म्हणून एक मूठ डब्यात टाकतात, रविवारी ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, देतात. मी एकदा विचारलं, "बाई, देवाशी बोलत नाई, मंग मूठ कायले?"

"भांडण हाय म्हून त्याले उपाशी ठेवू काय वो?"

शेवटच्या भेटीत खाटेपाशी बसून मी विचारलं, "मनातल्या मनात तरी करता काय प्रार्थना?"

"करते ना. पयले आमेन म्हणते, मंग बोलते. मधातच उठा लागलं त उठता येते."

अशी उलटी प्रार्थना देवाला आवडली असेल का, मला कळत नाही. सुलू काही त्याने परत दिली नाही.

रूथबाईंच्या मालकांनी, माझ्या भासऱ्यांनी, तो मुठीचा डबा मला दिला. पत्र्याचा, झाकण चेपलेलं. आता माझ्या चुलीपाशी असतो. रोज मूठ टाकते, आमेन म्हणते. पुढचं काही सुचत नाही. मग भाकरी थापायला घेते... कान रस्त्याकडे असतो.