काकी आणि दारवाल्या गाड्या

"दार नाही ती गाडी कसली?" एवढं बोलून काकी बशीतल्या चहावर फुंकर घालायच्या. विषय संपला.

जगभर जिचं कौतुक होतं ती उघड्या चाकांची, बाणासारखी रेसची गाडी काकींच्या लेखी गाडीच नव्हती. त्यांचा जीव टूरिंग कारवर. म्हणजे तुमच्या-आमच्या सोसायटीत उभ्या असतात तशाच दिसणाऱ्या गाड्या. आतलं सगळं काढून, इंजिन चांगलं तापट करून शर्यतीत सोडलेल्या. या गाड्या एकमेकींना घासतात, ढोसतात, वाट अडवतात. "पाणी यायच्या वेळी आमच्या चाळीतला नळ बघायला हवा होतास," काकी म्हणायच्या. "कोपर मारल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. तेच हे."

लालबागच्या पुलाजवळच्या एका हॉटेलात रविवारी सकाळी मी आणि माझा मित्र सतीश फोनवर या शर्यती बघत बसायचो. एकदा एक गाडी वळणावर फिरली आणि आम्ही मागच्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "त्याची काय चूक? पुढच्याने दार उघडं ठेवलं, तो आत शिरला."

वळून पाहिलं तर पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या एक बाई मिसळ खात होत्या. परळच्या एका हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. आम्ही खुर्ची सरकवायच्या आत त्या येऊन बसल्याही. तेव्हापासून रविवार त्यांचा झाला. फोन साखरेच्या बरणीला टेकवून कुठे ठेवायचा, हेसुद्धा त्याच ठरवायच्या.

काकींचे यजमान माझगावच्या एका गॅरेजात मेकॅनिक होते आणि दर थंडीत एका रेसच्या गाडीबरोबर मद्रासला जायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण काकींच्या तोंडून मद्रासच्या गोष्टी ऐकाव्यात! धावत्या गाडीचं बॉनेट उडालं आणि ड्रायव्हरने खिडकीतून मुंडकं बाहेर काढून शर्यत पुरी केली, ही तर आम्ही पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. "मी अशी कठड्याला टेकून उभी," काकी हात पसरायच्या, "आणि बॉनेट माझ्या डोक्यावरून गेलं रे, पतंगासारखं!" पुढे सगळ्या गाड्या विजेवर धावणार अशी बातमी आली, तेव्हा आठवडाभर त्यांनी सुतक पाळलं. "आवाज नसेल तर ती काय शिलाई मशीनची शर्यत आहे?"

मग सतीशच्या डोक्यात आलं, काकींना घेऊन चेन्नईला जायचं, खरीखुरी शर्यत बघायला. काकी टाळू लागल्या. आधी गुडघा, मग भाचीचं लग्न, मग पुन्हा गुडघा. "मी सगळं बघितलंय रे. तुम्ही जाऊन या." सतीश माझ्या कानात म्हणाला, "काकी कधी गेल्याच नाहीयेत. पैज लाव." मला त्याचा राग आला.

एका रविवारी त्या आल्या त्या मिसळ न मागवताच बोलल्या, "काढा तिकिटं. खिडकीची सीट मला."

तिथे पोचलो. कठड्यापाशी खुर्च्या मिळाल्या. सरावाच्या फेरीतल्या पहिल्या गाड्या समोरून गेल्या आणि काकींनी दोन्ही हात कानांवर दाबले. "अगं बाई! एवढा आवाज?"

सतीशने माझ्याकडे पाहिलं. ते काकींनी पाहिलं.

"नाही आले कधी," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, पुढच्या वर्षी तूही चल. मला रजा मिळायची नाही. परत आले की जेवताना सगळं सांगायचे, भात गार व्हायचा. हे गेल्यावर 'ह्यांनी बघितलं, ह्यांनी बघितलं' असं सांगायला लागले की मध्येच उठायचे, गोष्ट अर्धीच राहायची. 'मी बघितलं' म्हटलं की पुरी व्हायची."

पैज जिंकलेला सतीश उठला, कुठूनतरी कापूस घेऊन आला. "काकी, कानात घाला."

"घालू कशाला? एवढ्या लांब आले ते बहिरी व्हायला?"

शर्यत सुरू झाली. शेवटच्या फेरीत एक लाल आणि एक पांढरी गाडी दाराला दार घासत आमच्यासमोरच्या वळणात शिरल्या. गुडघेवाल्या काकी खुर्चीवर उभ्या! "घुस मेल्या! घुस!" शेजारच्या तमिळ कुटुंबाला वाटलं, हे लाल गाडीवाल्याचं नाव असावं. आजोबांपासून नातीपर्यंत सगळे ओरडू लागले, "घुस! घुस!" तो घुसला. पांढरीचा आरसा तुटून पलीकडे गवतात पडला. काकी खाली उतरल्या तेव्हा रडत होत्या की हसत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गेल्या थंडीत काकी आजारी पडल्या आणि ज्या हॉस्पिटलात हुकूम चालवला तिथेच खाटेवर आल्या. मी भेटायला गेलो. ती आमची शेवटची भेट. एक तरुण नर्स सलाईन लावत होती आणि काकी तिला शर्यत सांगत होत्या. त्या शर्यतीत आता पाऊस होता, धूर होता, आणि तुटलेला आरसा उडत येऊन थेट काकींच्या मांडीवर पडला होता.

"काहीतरीच काय मॅडम," नर्स हसली.

काकींनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचार. हा होता माझ्याबरोबर."

नर्सने माझ्याकडे पाहिलं.

"मांडीवरच पडला," मी म्हणालो. "हातात घेतला तेव्हा गरम होता अजून."

काकींनी समाधानाने मान हलवली आणि सुई टोचून घ्यायला हात पुढे केला.