टगलबाईंचा पुठ्ठा

गोऱ्यांच्या हायस्कूलने टाकून दिलेले तीन टाइपरायटर आम्हा काळ्यांच्या हायस्कूलच्या पदरात पडले, आणि मुली आम्ही अकरा. अमेरिकेच्या अख्ख्या अलाबामा राज्यात तेव्हा हीच रीत. पण आमच्या टायपिंगच्या व्हर्लीन टगलबाईंनी रडगाणं गायलं नाही. त्यांनी खोक्यांचे पुठ्ठे कापले, त्यांवर मशीनची सगळी अक्षरं जागच्या जागी शाईने आखली, आणि जिला मशीन मिळालं नसेल तिच्यापुढे एकेक ठेवला.

"बोटांचा आवाज आला तर उभी करीन," त्या म्हणायच्या. पुठ्ठा फाटू नये म्हणून, दुसरं काय! मशीनची मात्र उलटी तऱ्हा. गंजकी मेली, हाणल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही.

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात पोस्टाच्या माडीवर सरकारी टायपिस्टची परीक्षा लागली. पास झाले तर वॉशिंग्टनला नोकरी, नाहीतर आईसारखी जन्मभर लोकाघरची इस्त्री. मला त्या इस्त्रीचा वाससुद्धा नको होता. सरावासाठी बाईंनी एक पुठ्ठा मला घरी नेऊ दिला होता.

"आयडेला, घाबरलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई."

"मग अजून इथे कशाला उभी? जा. माझं नाक कापू नकोस म्हणजे झालं."

पोस्टात मशीन नवंकोरं. आधी पाच मिनिटं सरावाची होती. मी सवयीने दणादण हाणायला लागले. कागद बाहेर काढला, तर टिंबाटिंबाच्या जागी भोक. परीक्षक साहेबाने तो खिडकीच्या उजेडात धरला.

"टाइप करतेस पोरी, की चाळण करतेस?"

मागच्या गोऱ्या मुली फिदीफिदी हसल्या. माझी कानशिलं तापली.

"आमच्या शाळेतल्या मशीनला जोर लागतो, साहेब. याला लागत नाही, कळलं मला. दुसरा कागद द्या."

खऱ्या परीक्षेचा कागद लावला. समोर मशीन नाहीच, बाईंचा पुठ्ठा आहे असं मनाशी धरलं, आणि तो फाटेल या धाकाने बोटं अलगद सोडली.

जूनमध्ये पत्र आलं. मिनिटाला एकाहत्तर शब्द, चूक एकही नाही. नोकरी मिळाली होती. मी धावत बाईंचं घर गाठलं. वाटलं होतं, मिठी मारतील. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि नीट घडी घातली.

"मी पंच्याहत्तर सांगितले होते," त्या म्हणाल्या. मग चष्म्याखालून डोळे पुसले आणि हात पुढे केला. "पुठ्ठा आण माझा. सप्टेंबरात चौदा मुली येणार आहेत."