द्राक्षांना सीटबेल्ट

द्राक्षांचा आंबटगोड वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. दिंडोरीहून निघताना जावईबापूंनी बाळाच्या सीटमध्ये द्राक्षांचं क्रेट ठेवून पट्टे आवळले, अन् माझ्या दोन वर्षांच्या नातीला पुढे विहीणबाईंच्या मांडीवर दिलं. “अहो, पोरीला बांधा की!” मी ओरडलो. “बाबा, माल दबेल ना! ती आजीपाशी मजेत आहे.” माझा राग म्हणजे घरात कुकरची शिट्टी, कुणी दचकत नाही, पण त्या दिवशी मीच नातीला सीटमध्ये बसवून पट्टे लावले आणि शेजारी क्रेट मांडीवर घेऊन बसलो. म्हसरूळला रिक्षा आडवी आली, करकचून ब्रेक लागला, क्रेट माझ्या हातांतून उडून पुढे गिअरवर आदळलं. नात जागची हलली नाही. जावईबापू आजही हळहळतात, ते फुटलेल्या द्राक्षांसाठी!