पिशवी न घेता आलेला वायरमन

तुमच्या जिन्यात एकटं राहणारं एखादं म्हातारं माणूस असेलच. ते तुमच्या दारात शेवटचं काही मागायला कधी आलं होतं, सांगा बरं? नाही ना आठवत? मग बसा जरा. आमच्या वायरमनचं सांगते.

वीज कंपनीतून निवृत्त झालेला गडी. नाव आहे त्याला, पण बायकोसुद्धा वायरमनच म्हणायची. खांद्याला कायम पिशवी, तिच्यात टेस्टर, पक्कड, टेप, स्क्रूची डबी. बायको गेली, घरातली सगळी बटणं दुरुस्त करून झाली, तेव्हा माझ्याकडे आला.

"काम सांगा, ताई."

आमच्या गटाचं काम एवढंच, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एकदा जायचं आणि बसायचं.

"बसायचं म्हणजे?"

"बूड टेकायचं. गप्पा मारायच्या."

त्याचं तोंड असं झालं, जणू मी त्याला चालू लाइनला हात लावायला सांगितलंय.

त्याच्या वाट्याला वरच्या मजल्यावरच्या तिकीटवाल्या मावशी आल्या. सगळी नोकरी सिनेमाच्या तिकीटखिडकीत गेलेली. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. दार साखळीपुरतं उघडून फटीतून विचारलं, "किती जण?"

"एकटाच."

"मग ये. एकट्याला कुठंही जागा होते."

बसायला गेला खरा, पण ह्याचे हात कुठले बसायला! बेल दुरुस्त केली, गळका नळ बसवला, पंख्याची कुरकुर बंद केली. सिलेंडर संपायच्या आत नवा वर आणून जोडायचा. निघताना बरण्यांची घट्ट झाकणं सैल करून ठेवायचा. खालच्या मजल्यावरची नर्स ड्युटीवर जाताना घराची किल्ली मावशींकडे देऊन जायची, तिची पोर शाळेतून आली की वर येऊन घ्यायची. वायरमनने त्या पोरीला वेगळी किल्ली करून दिली. म्हणाला, "मावशींना सारखी उठबस नको."

आणि एका बुधवारी हा गेला तर पलंगावर बॅगा उघड्या, कपाट रिकामं.

"पुतण्याकडे चाललेय. रविवारी टेम्पो आणतोय. मागची खोली देतो म्हणतो."

"तुम्हाला तर तिकडे जायचं नव्हतं, मावशी."

"अजूनही नाहीच. खिडकी उघडली की समोर गोडाऊनची भिंत."

"मग?"

"इथं तरी कोण आहे?"

"मी आहे की!"

"तू बुधवारी आहेस," मावशी म्हणाल्या आणि साडीची घडी घालू लागल्या.

खाली इस्त्रीवाल्याच्या टपरीवर मी कपडे घ्यायला उभी होते. वायरमनने तिथंच सगळं सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी इस्त्रीवाल्यावरच घसरले, "म्हातारी घर सोडून चालली तरी तुम्हाला पत्ता नाही? दोन जिने चढायला पाय मोडले का?"

इस्त्री न थांबवता तो म्हणाला, "आवाज खाली, ताई. आधी जातच होतो. सिलेंडर वर न्यायचो, मावशी चहा पाजायच्या, माझ्या गिऱ्हाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. आता तुमचा माणूस सगळं करतो. मी रिकाम्या हाताने वर जाऊन मावशींना काय सांगू? नुसतं तुमचं तोंड बघायला आलो म्हणून? हाकलून देतील!"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तयारच असतं. पण वायरमनने माझा दंड धरला.

"राहू द्या, ताई. त्यांच्या घराला जोडलेल्या सगळ्या वायरी मीच काढून टाकल्या."

शुक्रवारी, त्याचा वार नसताना, तो पुन्हा गेला. स्वयंपाकघरातली ट्यूब दोन दिवस फडफडत होती आणि "जायचंच आहे, राहू दे" म्हणून मावशींनी ती तशीच सोडली होती. ह्याने स्टूल लावलं आणि खाली जाऊन नर्सची बेल दाबली.

"स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

"तुम्ही मागताय?" ती हसायलाच लागली आणि हा काय प्रकार आहे ते बघायला मागोमाग वर आली. मग जिन्यातून हाक गेली इस्त्रीवाल्याला, बॅटरी घेऊन ये म्हणून.

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "पिशवी विसरलास? तू? अरे, मेलास तरी ती खांद्यावरून निघायची नाही!"

"वय झालं, मावशी."

हे बोलताना त्याला किती जड गेलं असेल ते मी जाणते. जन्मात कुणाकडून पक्कड उसनी न घेतलेला माणूस तो.

नर्सचं लक्ष बॅगांकडे गेलं. "हे काय? कुठं निघालात?"

"पुतण्याकडे."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगायला तू आलीस कुठं?"

नर्स हळू आवाजात म्हणाली, "पोरगी रोज भांडते माझ्याशी. रिकाम्या घरात शिरायला घाबरते. मला वाटलं, तुम्हाला त्रास."

"त्रास झाला म्हणून मी कधी कुणाला परत पाठवलं होतं का गं?"

इस्त्रीवाला मध्येच, "मावशी, बॅटरी कुणावर मारू? ट्यूबवर का तुमच्यावर?"

"स्वतःच्या तोंडावर मार. किती दिवसांनी दिसतंय!"

ट्यूब लागली. चहा झाला. संध्याकाळी नर्सची किल्ली पुन्हा वर आली, पाठोपाठ पोरगी आली ती दप्तर घेऊनच.

रविवारी पुतण्या टेम्पो घेऊन हजर. मावशींनी साखळीच्या फटीतून सांगितलं, "हाऊसफुल्ल आहे, बाळा. टेम्पो परत पाठव, आणि तू चहा घेऊन जा."

वायरमन अजून दर बुधवारी जातो. पिशवी इस्त्रीवाल्याकडे ठेवतो आणि वर जाऊन नुसता बसतो, हात मांडीखाली दाबून. नळ पुन्हा गळतोय. मावशी संध्याकाळी कामावरून आलेल्या नर्सच्या नवऱ्याला हाक मारतात, तो येतो, आणि नळ अर्धाच दुरुस्त करतो. वायरमन ते बघतो आणि दात आवळून गप्प राहतो.

आता उठा. तुमच्या जिन्यातल्या त्या दाराची बेल दाबा. फळं नेऊ नका, डबा नेऊ नका, उपकाराचं तोंड तर अजिबात नेऊ नका. काहीतरी मागा. आणि निघताना तुमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवून या.